कापसाची ओटी

माहूरच्या गडावरून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे डोंगरांच्या कुशींतून वळण घेत जाणारी पैनगंगा आणि तिच्या पलीकडे पसरलेला काळ्या जमिनीचा मुलूख दृष्टीस पडतो. अलीकडचा तीर नांदेड जिल्ह्याचा, पलीकडचा यवतमाळचा. एक काळ असा होता कीं, ही नदी दोन राजवटींची सीमा होती. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें आणि माहूर निजामाच्या राज्यांत राहिलें. त्यानंतर सुमारें शंभर वर्षें एका तीरावरचा कुणबी हैदराबादच्या तिजोरींत सारा भरीत होता आणि दुसऱ्या तीरावरचा इंग्रजी कचेरींत. परंतु रेणुकेच्या भक्तांनीं ती सीमा कधीं मानली नाहीं, आणि कापसानेंही मानली नाहीं. दोन्ही तीरांवर पीक तेंच आहे, त्यावरची कीड तीच आहे, आणि गेल्या पन्नासएक वर्षांत त्या किडीवर पडणारें ‘औषध’ही तेंच आहे.

२०१७ सालीं घटस्थापना २१ सप्टेंबरला होती. त्या नवरात्रांतही दोन्ही तीरांवरच्या बायका खण, नारळ आणि तांदूळ घेऊन गडाच्या पायऱ्या चढल्या आणि त्यांनीं आईची ओटी भरली. त्याच आठवड्यांत नदीपलीकडे, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत, फवारणी करतांना विषबाधा झालेले शेतकरी व मजूर एकामागून एक दाखल होत होते. त्या हंगामांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसाहून अधिक माणसें दगावलीं आणि शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्या वर्षीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. खांद्यावरून नव्हे तर तोंडासमोर फवारा धरावा लागत होता. जोरानें तुषार उडविणारे बॅटरीचे पंप नव्यानें आले होते. आणि दोन-तीन विषें एकत्र कालविण्याची चाल पडली होती. या सर्व गोष्टी पुढें चौकशींत व वर्तमानपत्रांत आल्या, व त्या वाचकांच्या स्मरणांतही असतील. माझें आजचें सांगणें त्या मृतांच्या यादीविषयीं नाहीं. त्या यादींत जें कधींच येऊं शकलें नसतें, त्याविषयीं आहे.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं भाद्रपदांत माहूरहून परत येतांना आमची बस वाटेंत नादुरुस्त झाली. दोन्ही बाजूंना कपाशी होती व हवेंत तो ओळखीचा उग्र दर्प होता. बांधावर निळें प्लास्टिकचें पिंप ठेवलेलें. एक म्हातारी व एक तरुण बाई नाल्यांतून पाणी आणून त्यांत ओतीत होत्या. तरुण बाई काठीनें ढवळी आणि पंप रिकामा होऊन आला म्हणजे डबड्यानें तो भरून देई. तिचे दिवस भरत आल्याचें कोणाच्याही लक्षांत आलें असतें. मास्तरकीची खोड जात नाहीं म्हणून मी म्हणालों, “माय, अशा दिवसांत या वासांत कशाला उभी राहतेस?” ती हसली व म्हणाली, “आमी कुठं औषद मारतो, सर? मारनारे तिकडं हायेत. आमी निस्तं पानी देतो.” आणि म्हातारीनें, मी उगीच तिच्या सुनेला घाबरवूं नये अशा स्वरांत, सांगितलें, “दोन जिवाची हाय, म्हनून तर तिच्या पाठीवर पंप नाई देल्ला.”

या उत्तरांत निष्काळजीपणा नव्हता. उलट आपल्या परीनें घरानें तिची काळजीच घेतली होती. जड पंप वाहणें वाईट हें त्यांना ठाऊक होतें. पिंपांत ढवळलें जाणारें द्रव्य पंपांतल्या द्रव्याहून कैक पटीनें तीव्र असतें, हें त्यांना कोणी सांगितलेलें नव्हतें. तत्कालीन आंध्र प्रदेशांतील कापूस पिकविणाऱ्या गांवांत फ्रान्सेस्का मांसिनी या संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं स्त्री-पुरुष दोघांचेंही हंगामभर निरीक्षण केलें होतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा कीं, पंप मारणारा पुरुष आणि औषध कालवून पंप भरून देणारी स्त्री यांचा धोका सारखाच असतो. “निस्तं पाणी देणें” म्हणजे काय, हें त्या एका वाक्यांत आलें.

‘औषध’ या शब्दाचें मला नेहमी नवल वाटत आलें आहे. आपल्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाहीं. औषध मारलें, औषध आणलें, औषध महागलें. आणि त्याच तोंडानें एखाद्यानें जीव दिला तर “औषध पिऊन गेला” असेंही म्हणतात. एकच शब्द दवाखान्यांतल्या बाटलीला, कपाशीवरच्या फवाऱ्याला आणि आत्महत्येलाही! ज्या भाषेनें विषाला इतकें घरगुती नांव दिलें, तिनेंच गर्भवतीला मात्र फार नेमकें नांव दिलें आहे. ‘दोन जिवांची’ असें आपण म्हणतों. सुश्रुतानें गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलें, आणि आपला ‘डोहाळे’ हा शब्दही त्याच दौहृदांतून आला असें मानतात. चरकाच्या शारीरस्थानांत गर्भाला घातक होणाऱ्या गोष्टींची यादीच आहे. उंचसखल व कठीण आसन, वेग अडविणें, खडतर श्रम हीं त्यांत आहेत. सारांश, पोटांतल्या जिवाला वेगळा मोजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती नाहीं ती विषासंबंधींच्या आपल्या कायद्यांत. आणि हें असें कां झालें, याला इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ कापसापासून करावा लागतो. गुलाबी बोंडअळी ही कांहीं आजची नव्हे. सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३ च्या सुमारास केलें तें भडोचच्या कापसांत सांपडलेल्या नमुन्यावरून. पुढें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें (१८६१–६५), लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडांत रुपयांचा पाऊस पडला. रेल्वे आली, खामगांव-अमरावतीच्या पेठा गजबजल्या. तरीही तो सारा कापूस मुख्यतः देशी जातींचा होता. आंखूड धाग्याचा, पण कोरडवाहू जमिनींत टिकाव धरणारा व किडीला सहसा न जुमानणारा. त्या काळीं शेतांत विष फवारण्याची कोणाला कल्पनाही नव्हती.

हें चित्र पालटलें तें स्वातंत्र्यानंतर आणि मुख्यतः १९७० नंतर. त्या सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांत सी. टी. पटेल यांनीं ‘एच्-४’ हा जगांतला पहिला व्यापारी संकरित कापूस काढला. आमच्या मराठवाड्यांतही नांदेडच्या केंद्रानें ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण दिला आणि तो कोरडवाहू शेतकऱ्यांनीं डोक्यावर घेतला. संकरित कापसाला खत हवें व औषधही हवें. देशाच्या लागवडीपैकीं जेमतेम ५ टक्के जमीन कापसाखालीं, पण कीटकनाशकांपैकीं जवळजवळ निम्मीं कापसावर, असा हिशेब १९९० च्या सुमारास सर्रास सांगितला जाई. २००२ सालीं बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हां आतां फवारणी संपली असें पुष्कळांना वाटलें, आणि कांहीं वर्षें ती घटलीही. परंतु रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, बोंडअळीही बीटीला पुरून उरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांति व मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनीं २०२० सालीं दाखवून दिलें कीं, कापूसकरी कीटकनाशकांवर आतां बीटी येण्यापूर्वींपेक्षां अधिक खर्च करतो. यवतमाळच्या २०१७ च्या हंगामाची पार्श्वभूमि ही अशी आहे.

आतां विषांचा इतिहास. गेऱ्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनज्ञ १९३६ सालीं किडींवरचें द्रव्य शोधीत असतांना त्याच्या हातीं ‘टॅबून’ हा युद्धांतला विषारी वायु लागला. त्याच घराण्यांतलें पॅराथिऑन त्यानें १९४४ सालीं तयार केलें. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस हीं त्याचींच भावंडें. मज्जातंतूचा संदेश पोंचवून झाल्यावर तो संदेश थांबविणारें एक द्रव्य आपल्या शरीरांत असतें. हीं विषें त्या द्रव्यालाच जखडून टाकतात. किडीच्या देहांत घडतें तेंच माणसाच्या देहांत घडतें. फरक केवळ मात्रेचा.

हिंदुस्थानाला या घराण्याची खरी ओळख पटली ती १९५८ सालीं. मुंबईहून जलमार्गें गेलेल्या धान्याच्या पोत्यांवर पॅराथिऑन सांडलें आणि केरळांत व मद्रास राज्यांत तें पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. चौकशीसाठीं न्यायमूर्ति जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला, आणि दहा वर्षांनीं, १९६८ सालीं, कीटकनाशक कायदा झाला. त्याचे नियम १९७१ चे. बाटलीवरचा तांबडा, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण ही या नियमांची देणगी आहे. तो रंग कसा ठरतो हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. प्रयोगांतले निम्मे प्राणी मरण्यास किती विष लागतें, तें मोजावयाचें. किलोमागें ५० मिलिग्रॅमपर्यंतच निम्मे मेले तर रंग तांबडा, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढें हिरवा. म्हणजे प्रौढ प्राण्याचें तात्काळ मरण हा या मोजपट्टीचा एकमेव आधार. ज्यानें कोणी तडकाफडकी मरत नाहीं, पण पोटांतल्या जिवाची वाढ दोनशे ग्रॅमनें खुंटते, असें द्रव्य या पट्टीवर ‘हिरवें’ ठरूं शकतें. कायदा ज्या दुर्घटनेंतून जन्मला तिचाच हा वारसा आहे. १९५८ सालीं प्रेतें मोजावयाचीं होतीं. तें काम त्यानें केलें.

मग दोनशे ग्रॅमची गोष्ट कोणी मोजली?

पहिला उल्लेख आपल्याच देशाचा करावा. लखनौ येथील औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीं १९८० च्या सुमारास, गर्भपात झालेल्या व अकालीं प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या रक्तांत आणि वारेंत डीडीटी व बीएचसी या विषांचे अंश तपासले, आणि पूर्ण दिवसांनीं बाळंत झालेल्या स्त्रियांहून ते अधिक आढळले. पुढें २००३ सालीं याच परंपरेंतल्या सिद्दीकी प्रभृतींनीं, ज्यांचा गर्भ पोटांतच खुरटला अशा मातांच्या बाबतींत तोच प्रश्न विचारला व उत्तर त्याच दिशेचें आलें. ह्या स्त्रिया कापसाच्या शेतांत राबणाऱ्या नव्हत्या. तें विष अन्नांतून व हवेंतून शरीरांत मुरलेलें होतें. वार ही गर्भाची ढाल आहे असें जुन्या वैद्यकाला वाटे. ती ढाल नसून चाळणी आहे, आणि या विषांना तिचीं भोकें पुरेशीं मोठीं आहेत, एवढें यांतून कळलें.

परंतु लहान नमुन्यावरून मोठा सिद्धांत काढतां येत नाहीं, असा आक्षेप शास्त्रज्ञ घेतात व तो रास्त आहे. त्याचें उत्तर अमेरिकेंतून आलें, आणि तें एका विलक्षण योगायोगानें. १९५९ ते १९६६ या काळांत तेथें हजारों गर्भवतींच्या रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवण्यांत आले होते, ते वेगळ्याच कामासाठीं. रेचेल कार्सन यांचें ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ सालीं निघालें, म्हणजे हे नमुने जमत होते तो डीडीटीचा भर मध्यान्हकाल होता. चाळीसएक वर्षांनीं लाँगनेकर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांपैकीं २,३८० प्रसूतींचे नमुने वितळवून तपासले. ज्या मातांच्या रक्तांत डीडीटीचा अवशेष अधिक, त्यांच्या पोटीं अकालीं जन्मलेलीं व दिवसांच्या मानानें खुरटलेलीं मुलें अधिक. हा निबंध २००१ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आला. ज्या मुलांविषयीं तो होता तीं तोंवर चाळिशीला आलेलीं होतीं! शेतीसाठीं डीडीटी आपल्याकडे १९८९ सालीं बंद झालें. पण कित्येक गांवांच्या भिंतींवर हिंवतापासाठीं तें त्यानंतरही मारलें जात होतें.

डीडीटी शरीरांत वर्षानुवर्षें राहतें. श्राडरच्या घराण्यांतलीं विषें कांहीं दिवसांत निघून जातात, म्हणून त्यांचा पुरावा गोळा करणें अधिक कठीण. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानें तें काम केलें. मॅनहॅटनच्या उत्तर भागांतल्या व ब्रॉन्क्सच्या दक्षिण भागांतल्या गरीब वस्त्यांत झुरळांवर क्लोरपायरिफॉस व डायझिनॉन सर्रास मारलें जाई. नाळेच्या रक्तांत या दोहोंचें प्रमाण सर्वांत अधिक होतें त्या मुलांचें वजन, तें सर्वांत कमी होतें त्या मुलांहून सरासरी १८६ ग्रॅम कमी भरलें. आतां खरी गंमत पुढें आहे. २००१ च्या आरंभास या विषांच्या घरगुती वापरावर तेथें बंदी येत गेली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नाळेच्या रक्तांतलें विष झपाट्यानें उतरलें, आणि वजनाचा तो संबंधही दिसेनासा झाला. २००४ सालीं रॉबिन व्हायट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें प्रसिद्ध केलें. कार्यकारणभाव सिद्ध करण्याचा याहून जवळचा मार्ग माणसांच्या बाबतींत क्वचितच मिळतो, कारण मुद्दाम गर्भवतीला विष देऊन प्रयोग करण्याइतकें शास्त्र अजून निर्दय झालेलें नाहीं.

हें सर्व एकसुरी आहे असें मात्र समजूं नये. कॅलिफोर्नियाच्या सालिनास खोऱ्यांत मेक्सिकन शेतमजूर स्त्रियांवर ब्रेंडा एस्केनाझी यांनीं १९९९ पासून जें मोठें काम चालविलें, त्यांत जन्मवजनाचा संबंध आढळला नाहीं. गर्भधारणेचे दिवस कमी झाल्याचें आढळलें. न्यूयॉर्कच्याच माउंट सायनाय रुग्णालयांतल्या संशोधकांना डोक्याचा घेर कमी आढळला, पण तो ज्या मातांच्या शरीरांत या विषाचा निचरा करणारें एक विशिष्ट द्रव्य जात्या कमी होतें, त्यांच्याच मुलांत. नवजात बालकांत हें द्रव्य प्रौढाच्या मानानें फारच कमी असतें. म्हणजे आई ज्या मात्रेला सहज पचविते ती मात्रा मुलाला सहज नसते. तात्काळ मृत्यूच्या मोजपट्टीला एका देहांतल्या या दोन जिवांचा भेद कळावा तरी कसा?

आणि मग तें २०१७ साल. यवतमाळच्या रुग्णालयांत खाटा भरत होत्या त्याच सुमारास, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत, ॲशली लार्सन व सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यांतले ५ लाख जन्म त्यांनीं पाहिले होते. बहुसंख्य मातांच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. पण सर्वांत जास्त फवारणी होणाऱ्या भागांतल्या वरच्या ५ टक्के मातांच्या मुलांत कमी वजन, अकाल जन्म असल्या अनिष्टांचें प्रमाण ५ ते ९ टक्क्यांनीं वाढलेलें होतें. मला या निबंधांत निष्कर्षापेक्षां त्याच्या साधनानें अधिक थक्क केलें. त्या राज्यांत १९९० पासून शेतांत केलेल्या प्रत्येक फवारणीची नोंद सरकारदप्तरीं करावी लागते. कोणतें द्रव्य, किती, कोणत्या दिवशीं, कोणत्या चौरस मैलांत. जन्माची नोंद एका वहींत, फवाऱ्याची दुसरींत. दोन्ही शेजारीं ठेवल्या एवढेंच. आपल्याकडे यांतली पहिली वही आहे.

आपल्या देशांत अशा तऱ्हेचा प्रयत्न झालाच नाहीं असें नाहीं. १९९१ सालीं आंध्रांतील संशोधकांनीं कापसावर फवारणी करणाऱ्यांच्या सुमारें हजार कुटुंबांची तुलना तितक्याच इतर कुटुंबांशीं केली. गर्भपात, मृत जन्म, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावलेलीं मुलें आणि जन्मजात व्यंगें, सारीं फवारणाऱ्यांच्या घरीं अधिक. पण हा महत्त्वाचा निबंधही वाचतांना एक गोष्ट खटकते. त्यांत विषाशीं संबंध आला तो पुरुषाचा, असें गृहीत आहे. स्त्री तेथें आहे ती ‘फवारणाऱ्याची पत्नी’ म्हणून. ती स्वतः पिंपाजवळ उभी असते, फवारलेल्या ओल्या पानांतून निंदायला जाते, नवऱ्याचे भिजलेले कपडे घरच्या धुण्यांत धुते, हें तिच्या नांवें कोठें जमा होत नाहीं.

क्वचित् झालेंही आहे, पण तें मोठ्या आपत्तीनंतर. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळला जो वायु फुटला तो कापसावरच्याच एका कीटकनाशकाच्या, कार्बारिलच्या, उत्पादनासाठीं साठविलेला होता. कारखान्यालगतच्या वस्तींत त्या वेळीं गरोदर असलेल्या स्त्रियांपैकीं फार मोठ्या संख्येचे गर्भ गेले. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं आपल्या निकालांत, त्या मातांच्या पोटीं पुढें जन्मणाऱ्या मुलांत व्यंग दिसल्यास त्यांच्यासाठीं विम्याची तजवीज असावी, असें म्हटलें. कासरगोडच्या काजूच्या बागांवर एन्डोसल्फान विमानानें वर्षानुवर्षें फवारलें गेलें, आणि २०११ सालीं न्यायालयानें त्यावर देशभर बंदी घातली. एन्डोसल्फान आमच्या मराठवाड्यांतल्या व वऱ्हाडांतल्या कपाशीवरही पुष्कळ पडलें आहे. तेथें विमान नव्हतें, पाठीवरचा पंप होता, आणि त्याचा खटला झाला नाहीं.

महाराष्ट्रांत गर्भाच्या वाढीचा सर्वांत काटेकोर अभ्यास झाला तो पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रांत, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालीं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचें अन्न, रक्त, श्रम व मुलांचीं मापें त्यांनीं नोंदलीं. तेथील मुलांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतल्या मुलाचें सुमारें साडेतीन. याच अभ्यासांतून शोभा राव व सहकाऱ्यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, गरोदरपणीं शेतांत व पाणी वाहण्यांत जी अधिक राबते तिचें मूल लहान असतें. राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें (२०१९–२१) भारतांत वजन नोंदलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें १८ अडीच किलोंहून कमी भरतात. रक्ताची कमतरता, अपुरें अन्न, कोवळें वय आणि श्रम हीं त्याचीं कारणें सर्वमान्य आहेत. माहूर-किनवटच्या आदिवासी पाड्यावर खुरटें मूल जन्मलें तर त्याचा सारा दोष फवाऱ्याच्या माथीं मारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण कापसाच्या मुलुखांत विष हें या इतर कारणांहून वेगळें येत नाहीं. तें श्रमांबरोबर, अर्धपोटीं शरीरांत, पाण्याच्या घागरीच्या वाटेनेंच येतें. जी अधिक राबते तीच फवाऱ्याजवळ अधिक असते. हे धागे उलगडावयाचे तर कोणी तरी तो प्रश्न विचारला पाहिजे.

२०१७ नंतर कांहीं गोष्टी झाल्या. त्या शरदांतच राज्य सरकारनें विदर्भाच्या कांहीं जिल्ह्यांत पांच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. २०२३ सालीं केंद्र सरकारनें मोनोक्रोटोफॉसचें जें द्रावण शेतकऱ्यांत सर्वांत रूढ होतें त्याची नोंदणी रद्द केली, मात्र दुकानांतला साठा संपविण्यास मुदत देऊन. मुखवटे व हातमोजे वाटले गेले. भाद्रपदाच्या उकाड्यांत ते घालून चार तास काम करून पाहावें अशी त्या वांटणाऱ्यांना माझी विनंति आहे. हे सारे उपाय पंप मारणाऱ्यासाठीं होते. पाणी देणारीसाठीं हातमोजे कोणी आणले नाहींत, कारण ती फवारणी करीतच नव्हती.

गांवांतल्या प्रत्येक गर्भवतीजवळ आतां माता व बाल संरक्षणाचें कार्ड असतें. ही मोठी चांगली गोष्ट आहे, आणि आशाताई तें किती निष्ठेनें भरतात हें मीं पाहिलें आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची सुई, लोहाच्या गोळ्या, सर्वांचे रकाने त्यांत आहेत. तिनें या महिन्यांत कपाशींत किती दिवस काम केलें, पंप भरला कां, फवारल्यावर किती दिवसांनीं निंदायला गेली, हें विचारणारा रकाना त्यांत नाहीं. तो घालण्यास कायदा बदलावा लागत नाहीं. छापखान्यांत एक ओळ वाढवावी लागते. आणि कृषि-विभागाची फवाऱ्याची वही जर कधीं सुरू झालीच, तर ह्या ओळीला तिच्याशेजारीं ठेवतां येईल.

दसऱ्याच्या पुढेंमागें पहिली वेचणी येते. वऱ्हाडांत कांहीं ठिकाणीं तिच्या आरंभीं शेतांत दहीभाताचा नैवेद्य ठेवून सीतादही करतात, आणि मग बायका तासांत शिरतात. वेचलेला कापूस ठेवावयास कमरेला पुढें जें फडकें बांधतात त्याला त्या मुलुखांत ओटीच म्हणतात. गडावर देवीच्या ओटींत तांदूळ पडतो, शेतांत बाईच्या ओटींत कापूस; ती भरत जाते तशी पोटावर दाबून बसते. शेवटचा फवारा व पहिली वेचणी यांत कधीं कधीं थोडेच दिवस गेलेले असतात. संध्याकाळीं काट्यावर ओटी मोजली जाते, मजुरी किलोमागें मिळते, आणि पोटुशी बाई त्या दिवसांतही वेचणी सोडीत नाहीं, कारण पुढें बाळंतपणांत महिना-दीड महिना घरीं बसावें लागणार असतें.